चित्रात नसलेले खळे

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले की आमच्याकडे दोन पक्ष पडतात. टाकून द्या म्हणणारा एक आणि राहू द्या म्हणणारा दुसरा. पहिल्याचे पुढारपण आमच्या सौभाग्यवतींकडे असते, दुसऱ्याचे माझ्या वडिलांकडे. आणि मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे दोन्हीकडे मान डोलावून शेवटी निमूटपणे माळ्यावर चढतो. यंदाही चढलो. पितळेच्या डब्यांमागे, एका जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेले एक पुस्तक हाती लागले. आडवे, जाड कागदाचे, मुखपृष्ठ केव्हाच गळून गेलेले. खाली उतरून ते झटकतो आहे तोच अण्णांनी माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतले. "अरे, माझे बलुतेदार!" असे म्हणून पंचाहत्तरी ओलांडलेला हा मनुष्य तिथेच, केरसुणीच्या शेजारी, फरशीवर फतकल मारून बसला.

पुस्तक मुलांसाठी काढलेले होते. डाव्या पानावर दोन-दोन ओळींची पद्ये, उजव्या पानावर रंगीत चित्र. सुतार वाकसाने नांगराचा लाकडी दांडा तासतो आहे, लोहाराचा मुलगा भाता ओढतो आहे, चांभार मोटेला टाके घालतो आहे, कुंभाराचे चाक गरगरते आहे. परीट, न्हावी, मांग, महार, गुरव, जोशी, कोळी, मुलाणी अशी बारा पाने. आणि शेवटी जोडपानावर सारा गाव तिन्हीसांजेला देवळापुढे जमलेला. चित्रकाराचा हात चांगला असावा. लोहाराची सांडशी, चांभाराची रापी, न्ह्याव्याची धोकटी, सगळे जिथल्या तिथे. मुख्य म्हणजे पुस्तकात सगळेजण हसत होते. भट्टीच्या धगीपुढे बसलेला लोहारसुद्धा!

अण्णांच्या या पुस्तकावरील मायेला कारण आहे. आमचे मूळ गाव पुरंदर तालुक्यातले. आजोबांकडे गावचे कुलकर्णीपण होते. ते वतन 1951 साली कायद्याने संपले. पुढे 1957 च्या 1 एप्रिलला, ज्याला आपण कृषकदिन म्हणतो, कसेल त्याची जमीन झाली, आणि आमच्या जमिनीचा मोठा हिस्सा कुळांकडे गेला. तो न्यायाने गेला, असे मी म्हणतो; अण्णा त्यावर काही बोलत नाहीत. त्याच वर्षी आजोबांनी बिऱ्हाड पुण्याला हलवले, नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत. अण्णा तेव्हा आठ वर्षांचे होते. गावाच्या आठवणीने रोज रात्री मुसमुसणाऱ्या मुलाची समजूत काढायला आजोबांनी अप्पा बळवंत चौकातून हे पुस्तक आणून दिले. हरवलेले गाव अण्णांना असे बारा पानांत परत मिळाले.

आता आमच्या कन्येचा प्रवेश. ती नऊ वर्षांची आहे आणि दिवाळीत तिचा मुक्काम घरात नसतो, किल्ल्यावर असतो. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की दिवाळीत माती, दगड आणि गोणपाट यांचा किल्ला करणे हा इथल्या मुलांचा जन्मसिद्ध हक्क आहे. आमच्या सोसायटीत तो मोटारींच्या दोन जागा अडवून बजावला जातो. किल्ल्यावर जी मातीची रंगीत माणसे मांडतात त्यांना पुण्यात 'चित्रे' म्हणतात. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, आणि पायथ्याला एक गाव: गवळण, तराजू घेतलेला वाणी, बैलजोडीचा शेतकरी, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. पायथ्याच्या या गावाकडे मोठी माणसे सहसा बघत नाहीत. मुले मात्र त्यातच जास्त रमतात.

यंदा तिने अण्णांचे पुस्तक बरोबर नेले आणि पायथ्याला बारा बलुतेदारांचे गाव वसवायला घेतले. बाजारात लोहार मिळेना, म्हणून एका मावळ्याची तलवार मोडून त्याच्या हाती हातोडा दिला गेला. अण्णा खुर्ची टाकून शेजारी. काम रंगात आले असताना तिने विचारले, "आजोबा, या सगळ्यांना पगार कोण द्यायचं?"

"पगार नसायचा बाळ. बलुतं मिळायचं."

"म्हणजे किती?"

"सुगी झाली की धान्य मिळायचं. पेंढ्या मिळायच्या."

"ते चित्र कुठंय?"

अण्णांनी पाने पुढेमागे चाळली. ते चित्र नव्हते.

मुलांचे प्रश्न हे असेच असतात. मी स्वतः ते पुस्तक लहानपणी शंभरदा पाहिले असेल. चाळिशी उलटली, गावगाड्यावर वर्गात तासचे तास बोललो, पण बारा कामांच्या बारा चित्रांत दाम मोजण्याचे एकही चित्र नाही हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

बलुत्याचा व्यवहार घडायचा तो खळ्यावर. शेताच्या कडेला जमीन सारवून, चोपून कडक केलेले वर्तुळ, मधोमध तिवडा, त्याभोवती फिरणारे बैल. मळणी झाली, वाऱ्यावर उधळून भूस उडाले आणि दाण्याची रास पडली, की गावातले कसबी आपापला हक्क न्यायला येत. हा हक्क वर्षभराच्या कामाचा. लोहाराने पेरणीआधी फाळ शेवटून दिलेला असे, सुताराने पाभर दुरुस्त करून दिलेली असे, चांभाराने मोट शिवलेली असे. तेव्हा पैसा नाही, हिशेबाची चिठ्ठी नाही. किती आऊतांची शेती आहे, पीक कसे आले आहे आणि बलुतेदार कुठल्या ओळीतला, यावर वाटा ठरे. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी होत्या. सुतार आणि लोहार थोरल्या ओळीतले, कारण त्यांच्यावाचून नांगर हलत नाही. बारांच्या यादीतसुद्धा गावागावांत फरक असे. कुठे सोनार आत, कुठे भाट. शिंपी, तेली, तांबोळी, साळी ही मंडळी बहुधा अलुतेदारांत.

हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने आपले जुने मराठी कागद वाचून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली: आपला बलुतेदार एकेका घराचा नोकर नव्हता, तो अख्ख्या गावाचा होता. उत्तरेत जजमानीची चाल होती असे म्हणतात, तिथे अमक्या घराचा अमका न्हावी. आपल्याकडे न्हावी गावाचा, आणि त्याचे काम हे त्याचे वतन. ऐकायला हे फार गोड वाटते. पण वतन म्हटले की बांधिलकी आलीच. लोहाराचे काम पसंत पडले नाही तरी शेतकऱ्याला दुसरा लोहार करता येत नसे. आणि शेतकऱ्याने माप आखडते घेतले तरी लोहाराला भाता बंद करता येत नसे. लोहाराच्या पोटी जन्मलेल्याला शिंपी व्हावेसे वाटले तर त्याचे काय, हा प्रश्न तर विचारायचाच नाही. पेशवे दफ्तरात वतनाच्या तंट्यांचे कागद थोडेथोडके नाहीत. सगळे हसत असते, तर इतके तंटे कशाला झाले असते?

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' लिहिला. मराठीतल्या अस्सल पुस्तकांत मी त्याची गणना करतो आणि विद्यार्थ्यांना ते वाचाच म्हणून सांगतो. फार थोडे वाचतात. आत्र्यांनी खळे पाहिले ते शेतकऱ्याच्या बाजूने. रास पडली रे पडली की हक्कदार, मागते, फिरस्ते कसे गोळा होतात आणि कुणब्याच्या घरी दाणा जाण्याआधी राशीला कशा वाटा फुटतात, हे त्यांनी तळमळीने मांडले आहे. वतनामुळे काम करणारा आळसावतो, कसब खुंटते, अशीही त्यांची तक्रार आहे. या तक्रारीत तथ्य आहे. पण ज्याचे कसब खुंटले त्याला खळ्यावर उभे राहताना काय वाटत होते, हे मला आत्र्यांच्या पुस्तकात सापडत नाही. ते मला सापडले आमच्याच वर्गातल्या एका विद्यार्थिनीमुळे.

झाले असे, की ते पुस्तक मी मोठ्या हौसेने वर्गात नेले. तास संपल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, हे कुंभाराचं पान माझ्या आजीला दाखवायचंय. नेऊ का?" जीर्ण पुस्तक द्यायला मन होईना, म्हणून मी म्हटले, "मीच घेऊन येतो. नाहीतरी पणत्या घ्यायच्याच आहेत." तिचे घर मुंढव्याजवळ केशवनगरात. पुण्याचा मूळ कुंभारवाडा कसब्यातला. आज मातीचे मोठे काम पाहायचे तर केशवनगरची वाट धरावी लागते. दिवाळीच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. घरापुढे, ओट्यावर, रस्त्याच्या कडेला पणत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. कन्या माझ्याबरोबर होती. तिला तर तिथून हलावेसेच वाटेना.

आजीबाई ऐंशीच्या घरातल्या असतील. डोळ्यांना कमी दिसते, म्हणून पान अगदी नाकाशी धरून त्यांनी चित्र पाहिले. चाक, काठी, थापटणे, मागे पेटलेला आवा. मग हसून म्हणाल्या, "चाक बराबर हाय. मानूस बी बराबर हाय. पन सर, माती कुनी मळली?"

मी गप्प बसलो. त्याच सांगू लागल्या. चाकाला बाईने हात लावायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. पण तळ्यातला गाळ डोक्यावरून आणायचा बाईने, वाळवून कुटायचा बाईने, राख चाळायची, घोड्याची लीद गोळा करून मातीत मिसळायची, पायाने तुडवून लोण्यासारखी करायची ती बाईनेच. मालकांनी चाकावरून उतरवलेल्या ओल्या मडक्याच्या आत दगडी गुंडा धरून बाहेरून थापटत त्याचे पोट वाढवायचे, हेही कितीदा त्याच करत. संक्रांतीची सुगडी, नवरात्राचे घट, लग्नाची मडकी, बेंदराचे बैल. गावाचा एक सण मातीवाचून होत नसे. "ह्यातलं येक बी चित्रात न्हाई," असे त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. दुकानदाराने एखादी वस्तू बांधायची विसरावी आणि ती आपण सहज लक्षात आणून द्यावी, असा तो सूर होता.

मग मी खळ्याचे विचारले. त्यावर त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत.

"खळ्यावर बी मीच जायाची," त्या म्हणाल्या. "ह्यांना लाज वाटायची. आन मला काय वाटत नव्हती व्हय? सकाळच्या पारी जायाचं आन राशीपासनं लांब हुबं ऱ्हायाचं. मालक म्हनायचा, जरा थांब. मंग दुपार व्हायाची. कुनी चांगला ओंजळ भरून द्यायाचा, कुनी म्हनायचा, औंदा मडकी कच्ची व्हती गं तुमची. कच्ची कशापायी असत्याल? पन बोलायचं न्हाई. बोललं की फुडल्या साली अजून लांब हुबं ऱ्हायाचं."

1972 च्या दुष्काळात गावात रासच पडली नाही, तेव्हा बलुते कोठले? ही बाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रखरखीत ऊन, हाताला घट्टे, तान्हे मूल झाडाखाली झोळीत. आठवडा भरला, हजेरी पुकारली आणि मुकादमाने तिच्या हातावर पैसे ठेवले. "माती मळता मळता बारा वर्सं गेली हुती माजी," त्या म्हणाल्या, "पन माज्या नावानं पैसं आलं ते खडीचं. म्या रातभर पदराची गाठ सोडली न्हाई." त्यांनी ती रक्कम सांगितली नाही, मीही विचारली नाही.

शेजारी बसलेली त्यांची नात, माझी विद्यार्थिनी, ते प्रथमच ऐकत होती. ती पटकन उठून चहा करायला आत गेली.

परत येताना मला राहून राहून कॉमेनियस आठवत होता. मुलांसाठी चित्रांचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणून ज्याचा हवाला देतात ते त्याचे पुस्तक 1658 साली न्यूरेंबर्गला छापले गेले. त्यातही कारागीर आहेत: रोटी भाजणारा, शिंपी, चांभार, लोहार, कुंभार. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा घातलेला आणि बाजूला तिचे नाव. पण कॉमेनियस मुलांना सांगत होता, बघा, हे जग आहे, यातच तुम्हाला उद्या वावरायचे आहे. आमच्या घरचे पुस्तक सांगते, बघा, असे जग होते. 'आहे' आणि 'होते' यांत एवढाच फरक नाही की एक वर्तमानकाळ आणि दुसरा भूतकाळ. 'आहे' म्हणणाऱ्याला धूर, घाम, उधारी टाळता येत नाही, कारण मूल दारात जाऊन ताडून पाहू शकते. 'होते' म्हणणाऱ्याला कोण ताडून पाहणार? त्याने लोहाराला भट्टीपुढे हसवले, तरी लोहार काही उठून तक्रार करायला येत नाही.

आमच्या पुस्तकातल्या महाराच्या पानाबद्दल मी आतापर्यंत लिहायचे टाळले आहे. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी, गावाच्या वेशीत उभा असलेला तो वेसकरही हसतोच आहे. शेवटच्या जोडपानावर, जिथे सारा गाव देवळापुढे बसला आहे, तिथे तो चित्राच्या अगदी कडेला आहे, इतका की शिलाई करणाऱ्याने कागद कापताना त्याची काठी कापली गेली आहे. चित्रकाराने त्याला तिथे ठेवला तो विचार करून, की जागा उरली म्हणून, कोण जाणे. खरे गाव मात्र तसेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या मार्च महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महाराच्या कामाला मर्यादा असावी आणि बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची सोय व्हावी, असा त्याचा रोख होता. ते संमत झाले नाही. महारांचे आणि इतर कनिष्ठ ग्रामवतनांचे जोखड उतरले ते 1958 च्या कायद्याने, त्याचा अंमल 1959 साली सुरू झाला. म्हणजे अप्पा बळवंत चौकात अण्णांसाठी हे पुस्तक विकत घेतले गेले त्या दिवशी पुस्तकातला तो वेसकर कायद्याने अजून बांधलेलाच होता. पुढे 1978 साली दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'बलुतं'. त्या एका शब्दात काय भरले आहे ते त्यांना सांगावे लागले, कारण आमच्यासारख्या घरांत तो शब्द चित्रांच्या पुस्तकातला होता.

घरी आल्यावर मी केशवनगरची हकिगत अण्णांना सांगितली. खरे म्हणजे सांगावी की नाही याचा मी विचार करत होतो. या वयात माणसाच्या हातातले खेळणे काढून घेऊ नये. पण कन्येने जिन्यातूनच सांगायला सुरुवात केली होती. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आपल्या खळ्यावर पायलीचं माप माझ्या वडिलांच्या हातात असायचं. मी त्यांच्या मांडीवर बसायचो. समोर माणसं उभी असायची, ती मला आठवतात. पण ती किती वेळ उभी होती, ते मला कधी कळलं नाही. मी जेवायला घरी जायचो ना."

एवढे बोलून ते थांबले. मी काही बोललो नाही. आजोबांविषयी मला फार आदर आहे, आणि तो या एका मापाने उणा व्हावा असे मला वाटत नाही. पण ते माप आता माझ्या नजरेपुढून हलत नाही हेही खरे.

वसुबारसेच्या संध्याकाळी किल्ला पुरा झाला. मी कॉलेजातून आलो तेव्हा पायथ्याच्या गावाशेजारी एक नवीन वर्तुळ दिसले. शेणाने सारवलेले (शेण कुठून पैदा केले ते मला सांगण्यात आले नाही), मध्ये आइस्क्रीमच्या काडीचा तिवडा, आणि स्वयंपाकघरातून पळवलेल्या ज्वारीची एक छानशी रास. राशीसमोर लोहार झालेला मावळा, सुतार, मांग, महार, सगळे ओळीने. विहिरीवरच्या दोन बायकांपैकी एक उचलून तिने रांगेत आणली होती. "ही केशवनगरच्या आजी," ती म्हणाली.

"आणि माप कोण घालणार?" मी विचारले.

"तेच तर ठरत नाहीये. आजोबा, तुमचे बाबा कुठं बसायचे?"

अण्णा खुर्चीतून उठले. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत खाली वाकले. दुकानात बसवलेला तराजूवाला वाणी त्यांनी उचलला आणि राशीच्या पलीकडे नेऊन ठेवला. मग थोडे थांबून तो पुन्हा उचलला, आणि रांगेतल्या माणसांच्या बराच जवळ आणून ठेवला.

"इथं नव्हते बसत," ते म्हणाले. "पण राहू दे इथंच."